आठ दिवसांचा खाडा

गुरुवार, रात्री साडेदहा

आज आठ दिवसांनी दोरीच्या मल्लखांबावर गेले. मधे नणंदेकडचं लग्न, मग घरी पाहुणे, मग एक दिवस नुसताच आळस. आळसाचा दिवस शिकवणाऱ्या ताईला सांगितला नाही, पाहुण्यांच्या खात्यात टाकला.

वाटलं होतं, हात बोलतील. तसं काही झालं नाही. साधी चढ तर हसत झाली. घोळ झाला तो उलटं झाल्यावर. पाय वर, डोकं खाली, मांड्यांत दोरी आवळून दोन्ही हात सोडायचे, एवढंच. मागच्या बुधवारी पाच वेळा सोडले होते. आज सुटेचनात. पकड पक्की बसलीय हे कळत होतं, खाली गादी होती, शेजारी ताई उभी. तरी बोटं ऐकेनात. ताई म्हणाली, "काकू, दोरीला तुम्ही पायांनी धरलंय ना? मग हातांनी परत कशाला धरताय?" बाजूच्या दोरीवरची आठ वर्षांची पोर फिदीफिदी हसली. ती तेव्हा अधांतरी पद्मासन घालून बसली होती. (ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पण इथे ती ताई आणि मी काकू, हे पहिल्या दिवशीच ठरून गेलं.)

घरी आल्यावर वहीची मागची पानं काढली. जूनमध्ये सगळं पायाच्या अंगठ्याबद्दलच लिहिलंय. बोटाएवढी जाड सुती दोरी, तिला गाठ मारायची नाही, आणि चढायचं ते अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात ती धरून. पूर्वी हाच प्रकार वेतावर करत. तसा वेत मिळेनासा झाला आणि दोरी आली. वेतावर बेचक्याचं काय होत असेल, देव जाणे. माझी कातडी दोरीवरच सोलवटली. ऑफिसात चार दिवस टेबलाखाली चपला काढून बसले होते.

मग नोंदी अशा: 17 जून, दोन हात चढले. 29 जून, दीड हात. म्हणजे बारा दिवसांच्या मेहनतीनंतर अर्धा हात खाली! पुढे नुसतं "तेच", "तेच", "हवेत ओल, दोरी हाताला गार", "तेच". आणि 4 ऑगस्टला, काहीही वेगळं न करता, वरपर्यंत. त्या दिवशी मी वहीत तीन उद्गारचिन्हं काढली आहेत. पण आता वाचताना वाटलं, त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. जे घडलं ते "तेच"च्या पानांत. बेचक्यात घट्टा पडत होता आणि मी वहीत रडत होते.

नव्या मुलांना ताई मल्लखांबाचे आद्यगुरू मानल्या जाणाऱ्या बाळंभट्टदादा देवधरांची गोष्ट सांगते. दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारात निजामाकडचे दोन पैलवान, अली आणि गुलाब, आव्हान देऊन उभे राहिले. दादांनी ते स्वीकारलं, पण तयारीला मुदत मागितली आणि वणीला सप्तशृंगीच्या पायाशी गेले. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरचे डाव शिकवले, अशी आख्यायिका. मुलांना मारुती आवडतो. मला त्यातली मुदत आवडते. आणि जोडीदार लाकडाचा, हेही. तो कधी लग्नाला जात नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कला पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, ती बघायला लेकीला घेऊन गेले होते. परदेशी मंडळी खांबावर सरसर चढताना बघून तिच्यापेक्षा मीच जास्त टाळ्या वाजवल्या. तरी स्वतः दोरीला हात लावायला इतकी वर्षं गेली. असो.

आज खरं आठवत राहिले ते घरातले नाना. वय 76, आयुष्य दुकानाच्या वह्या लिहिण्यात गेलं. अजूनही आंघोळीनंतर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणतात. गेल्या वर्षी तापाने पंधरा दिवस अंथरुणाला होते. उठल्यावर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तेराला अडली. बारापर्यंत खणखणीत, तेरा आला की घसा खाकरायचे. मी म्हटलं, "नाना, तेर त्रिक एकोणचाळीस, त्यात साडेसहा मिळवा, झाले साडेपंचेचाळीस." तर चिडले. "हिशेब मला येतो गं. ते आपसूक तोंडी यायला हवं." पुढे पुढे तर ते बाराच्या आधीच हळू व्हायचे. आकडा विसरला नव्हता, त्यांना त्या तेराची धास्ती बसली होती. तेव्हा मला ते हट्टी म्हातारपण वाटलं. आज उलटी लटकलेली असताना कळलं की माझंही तेराच अडलंय. आठ दिवसांत ताकद कुठे गेली नव्हती. गेली होती ती हात सुटले तरी काही होत नाही याची सवय. ती इतकी पातळ असेल असं वाटलं नव्हतं.

नानांनी काय केलं, तर तेरावर डोकं आपटत बसले नाहीत. पार मागे पावकीपासून धरलं, सावकाश, रोज. तेरा कधी सुटला ते घरात कुणालाच कळलं नाही, त्यांनाही नसावं.

ताईनेही आज तसंच केलं. मला खाली घेतलं, पुन्हा तीन वेळा साधी चढ, मग उलटं, आणि म्हणाली, "एकच हात सोडा. दुसऱ्याचं नंतर बघू." उजवा सुटला. सेकंदभर असेल. डावा नाही सुटला.

उद्या सहाला बोलावलंय. पाचचा गजर लावला आहे. तो आळसाचा दिवस ताईला सांगावा की नाही, अजून ठरत नाही.