तुम्ही विचारलंत म्हणून: वाड्याला एकदाचा रंग का देत नाही?

दिवाळीत घरी येणारा प्रत्येक जण चहा संपायच्या आत विचारतो. "एवढा वाईतला वाडा, आणि बाहेरून असा का ठेवलाय? एकदा चांगला वेदरप्रूफ रंग मारून घ्या, सात वर्षं बघायला नको." यंदा भाच्याने तर बाजूला नेऊन हळूच विचारलं, "आत्या, पैशांची अडचण असेल तर सांग, मी भरतो." त्याचं मन चांगलं आहे हे मला कळतं, तरी रात्री झोप लागली नाही. एकोणीस वर्षं मी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देते आहे, "आमच्या भिंतींना तो रंग चालत नाही." ते ऐकून लोक मान हलवतात आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन येतात. म्हणून एकदा सगळं लिहिते.

पैशांची अडचण नाही. आळसही नाही. दर दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी चुन्याचे तीन हात देऊन घेते, आणि त्याचा हिशेब केला तर तुमच्या सात वर्षांच्या रंगापेक्षा तो महाग पडतो. कंजुषी असती तर मी कधीच प्लास्टिक पेंट मारून मोकळी झाले असते.

आणि खरं सांगायचं तर एकदा झालेही होते.

1997 साली मला बँकेकडून घरदुरुस्तीचं कर्ज मिळालं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, घरात कमावणारी मी एकटी, आणि वाड्याच्या पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे बघून मला लाज वाटायची. आमच्याकडे पाऊस महाबळेश्वराकडून येतो. पसरणीच्या घाटावरून तिरकी झड येते ती थेट त्या भिंतीवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "त्या भिंतीला सिमेंट नको लावूस. आत माती आहे. तिला चुनाच लाव." मी म्हणाले, "आप्पा, दर दोन वर्षांनी चुन्याचा गवंडी मी कुठून आणू? नोकरी करू का त्याच्या मागे फिरू?" हा माझा प्रश्न चुकीचा नव्हता. आजही मला त्याचं नीट उत्तर सापडलेलं नाही. पण तेव्हा तो मी वाद जिंकायला विचारला होता.

जुना गिलावा खरवडून काढला. कोंबडीजाळी ठोकली, त्यावर सिमेंटचा गिलावा केला. जोत्याच्या घडीव दगडांच्या दरजांत चुना भुरभुरत होता, तो उकरून सिमेंट भरलं. वर प्रायमर, मग फिकट पिवळ्या रंगाचे दोन हात. आळीतले लोक थांबून बघायचे. काम संपलं त्या संध्याकाळी आप्पा काठी टेकत बोळात गेले, भिंतीवरून एकदा तळवा फिरवला आणि आत आले. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, पटलं.

चौथ्या वर्षी आप्पांच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीवर ओलीची एक रेघ दिसली. मी आतून ऑइलपेंट मारून घेतला. पुढच्या पावसाळ्यात रेघ कमरेपर्यंत आली, त्याच्या पुढच्या वर्षी कोनाड्यापर्यंत. कोनाड्यात आप्पांच्या पोथ्या असायच्या. एक दिवस त्यांनी पोथी उचलली तर बासनाचा लाल रंग फळीवर तसाच उमटलेला, ओला. बोटाला लागत होता. मी ती फळी पुसली, पोथ्या कपाटात हलवल्या आणि कोनाड्यात घड्याळ ठेवलं.

काय होत होतं ते आता मला पाठ आहे. जोत्याचा काळा दगड पाणी फारसं पीत नाही. जमिनीतली ओल दगडांमधल्या दरजांतून चढते. दरजांत चुना होता तोवर ती चढायची आणि तिथूनच सुकून जायची. दरजा सिमेंटने बंद केल्यावर तिला बाहेरची वाट राहिली नाही, म्हणून ती वर गेली, विटांत आणि विटांमागच्या मातीत. वरून दुसरं पाणी. सिमेंटचा गिलावा टणक, आणि त्यामागे लाकूड-मातीची भिंत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. या दोन्हींचं जमत नाही. गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून झडीचं पाणी आत जातं आणि रंगाच्या पापुद्र्यामुळे बाहेर पडू शकत नाही. लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटतो तो रंगाच्या मागे फुटतो, त्यामुळे दिसत नाही. बाहेरून भिंत शेवटच्या दिवसापर्यंत फिकट पिवळी आणि छान दिसत होती.

2005 च्या पावसात, जुलैच्या शेवटी, पहाटे तीनच्या सुमारास आवाज आला. धाडकन वगैरे नाही. धान्याचं पोतं कुणी रिकामं करावं तसा, लांबलेला. टॉर्च घेऊन बोळात गेले तर पलंगाएवढा सिमेंटचा तुकडा जाळीसकट सुटून पडला होता, रंगाची बाजू वर, एकही पोपडा न उडालेली. त्याच्यामागून भिंतीचं पोट बाहेर आलं होतं. शेणकाल्यासारखी माती वाहत होती, तिच्यात पेशवाई घडणीच्या पातळ विटा. भाद्रपदात नदीच्या घाटावर येतो तसा गाळाचा वास येत होता. भिंतीची आतली बाजू उभी राहिली म्हणून आप्पा वाचले. त्यांची कॉट तिथून पाच फुटांवर होती. सकाळी सहाला त्या बोळातून दूधवाल्या मावशी जायच्या. हे "तीन तास" मी अजून मोजते.

जवळच्या खेड्यातून एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी आधी तुळईला टेकू दिले, मग उरलेला गिलावा थापीच्या दांड्याने वाजवत पूर्ण भिंत फिरले. जिथे भरीव वाजत होतं तिथे काही बोलले नाहीत, पोकळ वाजलं तिथे खडूने फुली मारली. सगळी भिंत फुल्यांनी भरली. मग भिंतीत बुजलेला सागाचा खांब उघडा करून मला म्हणाले, "ताई, बोट लावा." मी लावलं. बोट पेरभर आत गेलं. दीडशे वर्षं उभा असलेला साग, ओल आणि वाळवीने आठ वर्षांत असा झाला होता.

आप्पांना दादाकडे पुण्याला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं. मी म्हणाले, "भिंत झाली की घेऊन जाते." पण पावसात काम धरता येत नाही, चांगला कळीचा चुना मिळेना, मिळाला तर विरवून मुरायला ठेवायचा, मग खांब बदलायचा. गवंडी घाई करू देईनात. फेब्रुवारीत आप्पा पुण्यातच गेले. भिंत मे महिन्यात पूर्ण झाली.

भिंतीमुळे गेले असं मी म्हणत नाही. हृदय कमजोर होतं, वय ब्याऐंशी होतं. दादाने मला कधी एक शब्द बोलून दाखवलेला नाही. पण शेवटच्या दोन महिन्यांत ते फोनवर रोज एकच विचारायचे, "गिलावा कुठवर आला?" आणि मी रोज थोडं पुढचं सांगायचे.

आता 1997 ची मी समोर येऊन बसली तर ती गप्प बसणार नाही. ती म्हणेल, पश्चिमेच्या वळचणीची पन्हळ दोन वर्षं फुटलेली होती, त्याचं काय? खरं आहे. पन्हळीचं पाणी भिंतीच्या माथ्यातच उतरत होतं. मी वर चढून बघितलं नव्हतं. गवंड्यांना विचारलं, नक्की कशाने झालं? ते म्हणाले, "दोन्हीनं." मला त्या उत्तराने बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. पण एक नक्की. चुन्याच्या भिंतीत पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी बाहेरून डाग दिसतो, पोपडा सुटतो, आपण शिडी लावतो. तुम्ही ज्याला "अवकळा" म्हणता तो डाग मला पन्हळ फुटल्याचं सांगतो. रंगाने तेच सांगणं बंद केलं होतं, आणि त्यासाठीच तर मी पैसे मोजले होते.

चुना दिलेली भिंत "श्वास घेते" असं हल्ली सगळे म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. पाणी आत शिरतं आणि वाफ होऊन बाहेर जातं, एवढंच. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो, फुलतो, पिठासारखा होतो. भिंतीला लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो. म्हणजे आपण भिंतीला पातळ दगडच लावतो, पण असा की ज्याची छिद्रं उघडी आहेत. दर पावसात तो थोडा झिजतो. झिजायचं ते त्याने झिजावं, विटेने नाही, म्हणून तो लावायचा. आमचा वाडा उभा राहिला तेव्हा दुसरं काही नव्हतंच. या देशात सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला तो 1914 साली पोरबंदरला. वाडा त्याच्याही आधी पन्नास-साठ वर्षांचा.

दिवाळीनंतर कधी आलात तर काम बघा. पिंपात मुरलेला चुना धोतराच्या फडक्यातून गाळायचा, पातळ ताकासारखा करायचा, थोडा डिंक घालायचा. भिंत आधी पाण्याने भिजवायची, ऊन उतरल्यावर कुंचला धरायचा. पहिला हात देताना काहीच दिसत नाही, भिंतीला नुसतं पाणी लावल्यासारखं वाटतं. नवखा माणूस इथेच चुकतो आणि चुना दाट करतो. दाट दिला की पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. थांबायचं. अर्ध्या तासाने खालच्या कोपऱ्यातून पांढरं वर चढायला लागतं. आप्पा मला लहानपणी ते बघायला बोळात उभं करायचे.

हे सगळं माहीत असून मला खात्री आहे का? नाही. उत्तरेची भिंत चुना देऊनही दोन पावसांत शेवाळाने काळी पडते, आणि त्यावर माझ्याकडे घासण्यापलीकडे उपाय नाही. ते गवंडी आता नाहीत. त्यांचा मुलगा टाइल्सची कामं करतो, माझ्यासाठी म्हणून चार दिवस येतो. त्याच्या हातांना चुना खातो, मोजे देऊनही तो घालत नाही. मी साठीला आले. माझ्यामागे शिडी कोण लावणार, हा 1997 चाच प्रश्न आहे आणि तो तिथेच आहे. भाची आर्किटेक्ट आहे, तिने सिलिकेटचा रंग सुचवलाय. तो वाफ अडवत नाही, जास्त टिकतो. पण एकदा लागला की दगडाशी एकजीव होतो, परत काढता येत नाही. परत न निघणारी गोष्ट त्या भिंतीवर लावायला माझा हात धजत नाही. हे भीतीचं बोलणं आहे, शास्त्राचं नाही, हे मी तिला सांगितलं.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही, ती इथे सांगते. त्याच 1997 च्या कर्जातून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीलाही सिमेंट केलं होतं. ती अजून तशीच आहे. वळचण रुंद आहे, पूर्वेला तोंड आहे, झड लागत नाही, आत पक्की वीट आहे, अशी कारणं मी देऊ शकते. भाची म्हणते, काढून टाक, आत काय चाललंय ते कळणार नाही. गवंड्यांचा मुलगा म्हणतो, काढताना विटांचे टवके उडतील, चांगल्या भिंतीला हात लावू नका ताई. दोघांचंही मला पटतं. दर महिन्याला मी थापीच्या दांड्याने ती भिंत जोत्यापासून हात पोचेल तिथवर वाजवते. परवाही वाजवली. भरीव वाजली, एका जागी सोडून, आणि तिथे मी दोनदा वाजवलं तरी मला नक्की ऐकू आलं नाही.