सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमधील तेल बदलताना

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर ते नाशिक अशी फेरी करून आल्यावर माझ्या सायकलचा मागचा ब्रेक दाबला की लिव्हर हँडलबारपर्यंत जाऊ लागला, म्हणजे नळीत हवा शिरली होती. तेल दाबले जात नाही, म्हणून बोटांचा जोर थेट कॅलिपरच्या (चाकाजवळच्या, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनपर्यंत पोहोचतो; हवा मात्र दाबली जाते आणि तो जोर तिथेच जिरतो.

शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच घालावे लागते. काही दुकानांत सर्रास मोटारसायकलचे डॉट ऑइल भरून देतात, पण त्याने आतील रबरी सील फुगून निकामी होतात, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहीन.

चाक व पॅड काढून दोन्ही पिस्टनच्या मधे ब्लीड ब्लॉक (पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून ठेवायचा ठोकळा) बसवला, कॅलिपरकडून सिरिंजने नवे तेल सावकाश वर ढकलले आणि लिव्हरवरच्या फनेलमध्ये बुडबुडे येणे थांबेपर्यंत नळीला हलक्या टिचक्या मारत राहिलो. याच कामाला सर्वाधिक वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पॅडचा थर ०.५ मिलिमीटरवर आला होता, त्यामुळे पॅडही नवे घातले.