भेग किती झाली, भाऊसाहेब?

20 जुलै 2023. आदल्या रात्री तिकडं खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली होती, सकाळी उठल्यापासून सगळ्यांच्या मोबाईलवर तेच चालू होतं. मी तलाठी, कोयना खोऱ्यातला सज्जा. डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पोलीस पाटलांचा फोन आला, "भाऊसाहेब, वाडीच्या वर भेग पडलीया आन् अर्धी वाडी वढ्यानं खाली निघालीया, लवकर या."

भेगेपेक्षा मला ते "वढ्यानं" ऐकून जास्त धसका बसला. डोंगर सुटला की चिखल-दगड आधी ओढ्याचीच वाट धरतात, म्हणजे माणसं नेमकी नको तिथून पळत होती. पाटलांना म्हटलं आधी सगळ्यांना ओढ्यातनं बाहेर काढा, मग बाकीचं बोलू. कोतवालाला मागं बसवलं आणि गाडी काढली.

वाडीत दोन पार्ट्या. पोरांकडं कुठनंतरी एक व्हॉइस मेसेज आलेला, "आज रात्री 12 वाजता डोंगर फुटणार", जणू एसटीचं टाइमटेबलच. बायका रडतायत, लेकरं कडेवर, कुणी टीव्ही चादरीत गुंडाळून बाहेर काढलेला. दुसरीकडं देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी निवांत तंबाखू मळत बसलेली. त्यांचे म्होरके तात्या. मला बघून म्हणाले, "67 च्या भूकंपाला ह्यो डोंगर हालला न्हाई, आता पावसानं हालतुय व्हय?" आमच्याकडं 11 डिसेंबर 1967 ची पहाट म्हणजे शेवटचा दाखला, त्यापुढं वादच संपतो.

गंमत अशी की भेग बघायला दोन्हीतलं कुणीच वर गेलं नव्हतं, गुराख्यानं येऊन सांगितलं तेवढ्यावरच सगळं चाललेलं. पळणारेही बघत नव्हते आणि बसणारेही. मला स्वतःलाही वर जायची हौस नव्हती हे खरं, पण म्हटलं तात्या चला, तुम्ही आणि मी, बघून तर येऊ.

पावसानं आठवडाभर उसंत दिली नव्हती. गवतातनं पाय घसरत वर गेलो तर भेग सरळ नाही, चंद्रकोरीसारखी वळलेली, अख्खं पाऊल आत जाईल एवढी, आणि वरनं येणारं पाणी गपागप तिच्यात मुरतंय. खाली एका गोठ्याच्या मागं कधी नव्हे तो झरा फुटलेला, पाणी लाल गढूळ. तात्या गप्प झाले.

डोंगर येणार का नाही ते मला कुठं कळणार, आणि फोनवर तहसीलदारसाहेबांना तरी कुठनं कळणार, जिओलॉजीवाले काही लगेच येणार नव्हते. म्हणून निरगुडीच्या दोन खुंट्या तासल्या, भेगेच्या अलीकडं एक पलीकडं एक ठोकल्या, डोक्यावर खिळा मारला आणि टेप लावला. खिळ्यापासनं खिळ्यापर्यंत 61 सेंटिमीटर. तात्यांचा टेपवर विश्वास नाही, त्यांनी दोन्ही खिळ्यांना सुतळी बांधली, ढिली, मधे पोटात झोळ पडेल अशी.

दुपारी परत गेलो तर सुतळी ताणून ताठ. टेपवर 64. तात्यांनी सुतळीवर बोट मारून बघितलं, तार वाजवावी तसं, आणि म्हणाले, "बायकापोरं काढा भाऊसाहेब. गुरांचं मी बघतो." मी तासभर भाषण दिलं असतं तरी कट्टा हलला नसता, तात्या खाली येऊन दोन वाक्यं बोलले आणि सगळे उठले.

मग कामाला लागलो. सकाळी पळणाऱ्या त्याच पोरांना दोन-दोन घरं वाटून दिली, अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस गेलेली कोण, यादी करायची, सिलिंडर बंद, कागदपत्रं पिशवीत. वाट ओढ्याची नाही, सोंडेवरनं पलीकडच्या झेडपी शाळेची. गुरं दावणीला बांधून ठेवायची नाहीत, हा तात्यांचा हुकूम. एका म्हातारीनं कोंबड्यांशिवाय येणार नाही म्हणून दार लावून घेतलं, तिला कोंबड्यांसकट नेलं. अंधार पडायच्या आत वाडी रिकामी.

रात्री काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टेपवरचा आकडा 70 च्या पुढं सरकला नाही आणि शाळेत कुरकूर सुरू झाली, उगं हलवलं, भाताची लावण ऱ्हायली, संडासला पाणी नाही. पाण्याचं त्यांचं बरोबर होतं, टँकर उशिरा आला. पण परत जायचा विषय निघाला की तात्याच आडवे यायचे, "आधी आकडा बघा, मग बोला."

पाऊस ओसरल्यावर लोक घरी गेले. जिओलॉजीवाले येऊन बघून गेले, पुनर्वसनाची फाईल चालू आहे. खुंट्या अजून तिथंच आहेत, पावसाळ्यात तात्यांचा नातू रोज सकाळी मोजतो आणि तात्या मला फोन करून आकडा सांगतात. फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न ठरलेला, "आन् शाळंपाशी गुरांसाठी ताडपत्री मागितलीती, तिचं काय झालं?" आकडा मी रजिस्टरला लिहितो, ताडपत्रीचं सर्कलसाहेबांना विचारून सांगतो म्हणतो.