व्हॅक्यूम टिकला, गॅस गेला

अकोल्यातला मे. दुपारी पारा 44 वर, गाड्यांचे एसी दुरुस्त करायच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्तच. डोक्याला ओला दुपट्टा बांधून सर आले. निवृत्त शिक्षक. गाडी 2004 सालची, पण पोटच्या पोरासारखी जपलेली.

"भाऊ, मागच्या मेमध्ये तुम्हीच गॅस भरला न? दिवाळीपर्यंतही नाही पुरला."

गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही. तो पाइपांतून गोल फिरतो, संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो आणि मागच्या वर्षी मीच विसरलो. पंपाने आतली हवा काढून व्हॅक्यूम ओढला, अर्धा तास गेजचा काटा हलला नाही, तेव्हा 'लीक नाही' म्हणून गॅस मारून मोकळा झालो.

व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत दाबते, तीही जेमतेम 15 पीएसआयने (पीएसआय म्हणजे दाबाचं माप). एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या भागात, दोनशेच्या वर दाब असतो आणि तो आतून बाहेर. व्हॅक्यूमला मिटून बसलेली भेग तेव्हा तोंड उघडते.

या वेळी नायट्रोजन लावला, 150 पीएसआय. साधी हवा नको, तिच्याबरोबर पाण्याचा अंश जातो. (ऑक्सिजन भरणारे महाभागही मी पाहिलेत. आत तेल असतं, भडका उडायला वेळ लागत नाही.) ब्रशने साबणाचा फेस लावत गेलो: जॉइंट, कंडेन्सर, कॉम्प्रेसरचा सील, गॅस भरायच्या पिना. कुठेच काही नाही. तासाभरात काटा मात्र किंचित उतरलेला. लीक डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला असेल तर डॅशबोर्ड खोलणं आलं आणि वीस वर्षांच्या क्लिपा हात लावला की तुटतात. सरांना कसं सांगावं या विचारात होतो.

तेवढ्यात माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "भाऊ, इथली धूळ ओली आहे."

बॅटरीच्या ट्रेखालून जाणारा होज, म्हणजे गॅसचा रबरी पाइप. जिथे त्याचं रबर अॅल्युमिनियमच्या टोपीत दाबलेलं असतं, तिथे बोटभर काळा चिकटा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. फेस लावला, तरी शांत. मग इंजिन हलवतं तसा होज हाताने वाकवला. टोपीच्या कडेला खसखशीएवढे बुडबुडे आले. हात सोडला, थांबले. परत वाकवला, परत आले. सर खुर्ची सोडून वाकून बघायला लागले.

नवा होज बाजारात मिळेना. जुनी टोकं ठेवून एमआयडीसीतल्या होजवाल्याकडून मधला पाइप बदलून प्रेस करून आणला. आतून नायलॉनचा थर असलेलाच घेतला. साध्या रबरातून आर-134ए, म्हणजे या एसीतला गॅस, हळूहळू झिरपतो. जॉइंटमधल्या रबरी ओ-रिंग नव्या, तेलात बुडवून बसवल्या. आतली ओल शोषणारा ड्रायरही बदलला. पुन्हा नायट्रोजन, होज हलवून हलवून पाहिला. मग पाऊण तास व्हॅक्यूम, तो फक्त आतली ओल काढायला. गॅस वजनकाट्यावर तोलून, बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढाच.

बिलातून मागच्या वर्षीचे गॅसचे पैसे कापले. सरांनी खिशातला पेन काढून सगळी बेरीज तपासली.

"वजाबाकी बरोबर आहे," म्हणाले.

त्याच्या पुढच्या मेमध्ये सर केबिन फिल्टर बदलायला आले. गेज लावला नाही, लावताना-काढताना थोडा गॅस जातोच. एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचला. बाहेर 43, आत 11.