महाद्वारातली गर्दी आणि कडेवरचं पोर

कोल्हापूरला माणसं अंबाबाईसाठी आणि तांबड्या-पांढऱ्यासाठी जातात. मीही दोन्ही केलं, पण डोक्यात लेकरं पळवून मारणाऱ्या गावित मायलेकी घोळत होत्या. गुन्हेगारीच्या कथा ऐकायचं मला व्यसनच आहे.

दर्शनाच्या रांगेत पुढे एक बाई होती. कडेवर तान्हं पोर, गालावर तीट, घामानं ओला झालेला झबला. ते माझ्या पर्सचा बंद ओढत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही म्होरं व्हा, लेकराला उकडतंय." रांग आपोआप सरकली. मी मात्र पर्स पोटाशी घेतली.

नेमकी ही रांग सरकणं अंजनाबाई गावितनं हेरलं होतं. १९९० साली पुण्यात चतुःशृंगीला पाकीटमारी करताना तिची मुलगी रेणुका पकडली गेली, पण कडेवर पोर पाहून लोकांनी सोडून दिलं. मग मायलेकी इतरांची मुलं पळवू लागल्या. एक पोर कोल्हापुरातल्या भिकारणीचं. पुढे इथंच मंदिराच्या गर्दीत दुसरी मुलगी सीमा चोरी करताना सापडली, तेव्हा लक्ष वळवायला अंजनाबाईनं त्याच पोराला जमिनीवर आपटलं. नंतर त्याचा जीवही घेतला. खटल्यात अपहृत मुलांचा आकडा १३ होता.

अमेरिकेतला सिरियल किलर टेड बंडीही १९७४ साली समामिश तळ्याकाठी हात गळ्यात बांधून हिंडायचा, गाडीवर होडी चढवायला मदत मागायचा. तिथून एकाच दिवशी दोघी तरुणी गायब झाल्या. त्याच्या हुशारीवर तासन्‌तास बोलतात लोक. मला त्यात हुशारी कमी दिसते. दोन्हीकडे समोरच्याची कणवच वापरलेली.

सीपीआर रुग्णालयासमोर जुन्या जिल्हा न्यायालयाकडे निघाले. रिक्षावाले मामा माझ्या वडिलांच्या वयाचे.

"मामा, गावितांचा खटला आठवतो?"

"आठवतो म्हंजे? पोरास्नी दारात सुदीक सोडत नव्हतो ओ त्यावेळी."

१९९६ साली अटक, पुढे अंजनाबाई तुरुंगातच वारली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. ज्या इमारतीपुढे रिक्षा थांबली तिथं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतं; दारात काळ्या कोटांची आणि चहाच्या कपांची ही गर्दी.

"फाशी झाली न्हवं त्यास्नी?" मामांनी विचारलं.

नाही झाली. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. गुन्हा सौम्य ठरला म्हणून नव्हे, तर दयेच्या अर्जांचा निकाल लागायला ७ वर्षं १० महिने लागले म्हणून.

मामांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढी वर्सं फायल कुणाच्या टेबलावर हुती?"

"कोर्टानं ठपका ठेवला तो सरकारी यंत्रणेवर."

"मग बरोबर हाय," म्हणाले आणि सुट्टे पैसे मोजू लागले.