फ्रेम ओरिजिनल नाहीये, आणि मी ती बदलणारही नाही

माझी ट्रायल्सची मोटरसायकल कुठेही उभी केली की पाच मिनिटांत कुणीतरी वाकून बघायला लागतं. इंजिन बुल्टाको या स्पॅनिश कंपनीचं, टाकी बुल्टाकोची, आणि मग तो प्रश्न येतोच, "अहो एवढी मेहनत घेतलीत, मग फ्रेम ओरिजिनल का नाही घातलीत?" दरवेळी मी हसून विषय टाळतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही रेस नाही. दगडधोंडे, ओढे, मुळं, चिखलाचे चढ यातून गाडी पाय न टेकता काढायची, पाय टेकला की पॉइंट चढतात आणि ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी तो जिंकतो. त्यामुळे इथे टॉप स्पीडचं कुणाला कौतुक नाही, गाडी हलकी हवी, पोट जमिनीपासून उंच हवं आणि अगदी सावकाश चालतानाही इंजिन बंद पडता कामा नये. बस्स.

आता ओरिजिनलचं बघा. बुल्टाकोची ट्रायल्स गाडी शेर्पा टी ज्या माणसामुळे नावारूपाला आली तो ट्रायल्स रायडर सॅमी मिलर. त्याआधी तो 500 सीसीची ब्रिटिश एरियल चालवायचा, जीओव्ही 132 नंबरप्लेटची, आणि त्या गाडीतला जो भाग हलका करता येईल तो त्याने केला, कंपनीने दिली तशी ती कधी राहिलीच नाही. मग तो 244 सीसीच्या टू-स्ट्रोक बुल्टाकोवर आला, 1965 साली तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा जिंकला, आणि पुढे याच बुल्टाकोसाठी हाय-बॉय नावाच्या स्वतःच्या फ्रेम विकायला लागला! इंजिनाखालच्या नळ्या काढून टाकायच्या आणि तिथे पत्रा लावायचा, वजन कमी आणि गाडी उंच. म्हणजे जिच्यामुळे गाडीचं नाव झालं त्या जोडीतल्या माणसालाच कंपनीची फ्रेम पुरेशी वाटत नव्हती, तर मी कोण ती परत आणणारा?

माझी फ्रेम हाय-बॉय नाहीये हे आधीच सांगतो. तिच्यावर नाव नाही, नंबरही नाही. पातळ नळ्या आणि सांध्यांवर पितळी ब्रेझिंग, म्हणजे वितळवलेल्या पितळाने केलेले जोड, इतकं सुबक की हात फिरवत बसावं. बुल्टाकोच्या कारखान्यातून गाडी निघायची तेव्हा इंजिन आणि फ्रेमवर एकच नंबर असायचा. एकाने मला सुचवलं की इंजिनाचाच नंबर फ्रेमवर ठोकून टाक, कुणाला कळतंय. अहो मला कळतंय ना! हे रिस्टोरेशन नाही, सरळ खोटेपणा आहे.

चुका मात्र भरपूर केल्या. सगळ्यात मोठी म्हणजे फ्रेम आल्या आल्या हौसेने जाड पावडर कोटिंग करून घेतलं. काय चकाचक दिसत होती! दोन महिन्यांनी स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटजवळ कोटिंगवर केसाएवढी रेघ दिसली, खरवडून बघतो तर आत नळीलाच क्रॅक, आणि तोही जुना, म्हणजे मी तो रंगाखाली स्वतःच्या हाताने झाकला होता. मग सगळं कोटिंग उतरवलं, डाय टेस्ट केली (रंगीत द्रव लावून बारीक क्रॅक शोधायची), आणखी एक क्रॅक सापडला. वेल्डर म्हणाला टिग वेल्डिंग मारून देतो, पाच मिनिटांचं काम. नशीब की आधी विचारून घेतलं होतं, कारण पितळ असलेल्या सांध्यावर टिग मारलं तर वितळलेलं पितळ स्टीलमध्ये शिरतं आणि सांधा तिथूनच पुन्हा तडकतो. जुनं पितळ काढून, साफ करून परत ब्रेझिंगच करायचं असतं. ते करणारा माणूस शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात अख्खं इंजिन बांधून झालं असतं. आता साधा पातळ रंग आहे, क्रॅक आला तर दिसेल तरी.

दुसरं दुखणं इंजिन माउंटिंगचं. पुढच्या बाजूला फ्रेमचा पत्रा आणि क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या कवचाचा) बोल्ट बसायचा कान यात दोन मिलिमीटरची फट होती. बोल्ट आवळला की फट बुजते, पण त्या ओढीने अॅल्युमिनियमचा कान कधीतरी तुटतो आणि मग क्रँककेस शोधत फिरा. म्हणून लेथवर मापाचे वॉशर करून घेतले. हे अशा फ्रेमला करावंच लागतं, कितीही भारी बनवलेली असली तरी. मागचं चाकही दोरी लावून सरळ केलं, तेव्हा कुठे चेन स्प्रॉकेटला घासायची थांबली.

फायबरग्लासच्या टाकीबद्दल एवढंच, इथेनॉलवालं पेट्रोल घालू नका, रेझिन विरघळून कार्बोरेटरमध्ये चिकट गाळ येतो. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आणि खरं कारण सांगू का? फूटरेस्टची भोकं. कोटिंग उतरवल्यावर दिसलं की फूटरेस्ट आधी इंचभर पुढे होते, ती भोकं कुणीतरी पितळाने बुजवून मागे नवीन पाडली होती. चढावर पुढचं चाक तरंगत असेल की जड वाटत असेल, ते काही मला माहीत नाही, पण त्या माणसाने गाडी चालवली, नाही पटली आणि बदलली. मी फूटरेस्ट त्याच्याच भोकांत बसवलेत. बुजवलेली भोकं घासून सपाट नाही केली, रंगाखाली बोटाला लागतात.