कोकणकड्यावर आकाशगंगा टिपायला निघालात, तर खिरेश्वरने जाऊ नका

आधी निर्णय सांगते. कोकणकडा हा हरिश्चंद्रगडाचा पश्चिमेकडचा कडा. गडावर कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड आणि तंबू घेऊन जायचं असेल तर पाचनई गावाच्या वाटेने जा. पत्रिकेत पाचनई लिहून कोणी तुम्हाला खिरेश्वरला उतरवत असेल तर बसमधून उतरू नका, पैसे परत मागा. मी उतरले आणि त्या दिवसाचे साडेपाच तास अजून माझ्या गुडघ्यांत आहेत.

मे महिन्यातलं दोन दिवसांचं फोटोग्राफी वर्कशॉप. फी ६,५०० रुपये. जाहिरातीवर कोकणकड्याच्या ऐन मध्यावर उभी आकाशगंगा आणि खाली कोकणात धुक्याचा समुद्र. आमची बस सकाळी सहाला ठाण्याहून निघाली. मुरबाड सोडल्यावर लीडरने उभं राहून सांगितलं की खिरेश्वरची वाट "फोटोंसाठी जास्त चांगली" आहे, म्हणून तिकडून चढू. चहाच्या थांब्यावर ड्रायव्हरला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, "ताई, राजूरवरून पाचनईला जायचं म्हणजे लांबचा फेरा. इकडून डिझेल वाचतं." सतरा जणांच्या पाठीवर प्रत्येकी बारा-तेरा किलो चढले ते वाचलेल्या डिझेलपायी.

खिरेश्वरहून निघालो तेव्हा अकरा वाजले होते. मे महिन्यात अकरा म्हणजे चढाईची वेळ संपलेली असते. टोलारखिंडीपर्यंतची वाट झाडीतली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे, तिथे सगळे बसले, फोटो झाले. खरी गोष्ट त्याच्यापुढे आहे. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा लागतो, त्याला लोखंडी रेलिंग लावलेलं आहे. रिकाम्या हातांनी, हिवाळ्यातल्या सकाळी हा टप्पा काहीच नाही. पण एक वाजता तो कातळ तव्यासारखा तापलेला होता. रेलिंगला हात लावला की चटका आणि सोडला तर तोल जातो. माझा ट्रायपॉड सॅकच्या बाजूला बांधलेला होता. दर दोन पावलांनी त्याचा पाय रेलिंगच्या खांबात अडकायचा आणि सॅक मला मागे ओढायची. माझ्यापुढच्या मुलाने कॅमेरा गळ्यात अडकवला होता. वाकल्यावर तो लोंबकळून कातळावर आपटला आणि पुढचा फिल्टर चरकन तडकला. काच लेन्सची नव्हती, फिल्टरची होती, हे बघायला तो त्या उतारावर दोन मिनिटं एका हाताने धरून उभा होता. लीडर तेव्हा पुढच्या वळणाच्या पलीकडे होता.

रॉकपॅच संपला म्हणजे गड आला असं वाटतं. तसं नाही. त्यानंतर टेकाडांमागून टेकाडं लागतात, चढा-उतरा, चढा-उतरा, आणि मंदिराचा कळस काही दिसत नाही. तीन लिटर पाणी नेलं होतं, ते तिथे संपलं. शेवटी एका झोपडीतल्या मावशींकडचं ताक मिळालं म्हणून मी वर पोचले. साडेचार वाजले होते. पाचनईची वाट मी पूर्वी दोनदा केली आहे. ओढ्याच्या कडेने, कातळाच्या सावलीतून, भरल्या सॅकसह अडीच तासांत मंदिराशी. या दोन वाटांची तुलनाच करू नये.

ट्रायपॉड न्यायचाच असेल तर सॅकच्या मध्यावर उभा बांधा, डोकं खाली आणि पाय वर, दोन पट्ट्यांनी आवळून. बाजूला कधीही नको. कॅमेरा सॅकच्या आत. वाटेतले फोटो मोबाईलवर काढा.

आता पैशांचं. खिंडीत लीडरने "पोर्टर हवाय का" विचारलं. सॅकला ८०० रुपये. पाच जणांनी दिले, मी दिले नाहीत. रात्री जेवताना सामान वाहून आणणारे मामा माझ्या शेजारी बसले होते. मी विचारलं, "मामा, एका सॅकचे किती मिळतात तुम्हाला?" ते म्हणाले, "अडीचशे, ताई." मधले साडेपाचशे कुठे गेले ते त्यांना माहीत नव्हतं, आणि आम्ही आठशे दिले हेही माहीत नव्हतं. तेव्हा ओझं द्यायचं असेल तर गावात उतरल्यावर स्वतः बोला आणि पैसे त्याच माणसाच्या हातात द्या. जेवणाचंही तसंच. वरच्या झोपड्यांमध्ये पिठलं-भाकरी, ठेचा, तंबू, सगळं मिळतं. फोन करून आधी सांगितलं की झालं.

संध्याकाळ सुंदर होती, तिच्याबद्दल लिहीत बसत नाही. रात्रीवर येते, कारण खरी फसवणूक तिथे होती.

ती रात्र वैशाख शुद्ध दशमीची. म्हणजे सूर्य मावळला तेव्हा चंद्र डोक्यावरून फार लांब नव्हता आणि मावळायला रात्रीचे अडीच वाजणार होते. हे कळायला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आयोजकांनी तारीख ठरवताना शनिवार पाहिला, तिथी पाहिली नाही. दहा वाजता सगळ्यांना कड्यावर उभं केलं. चांदणं इतकं की हेडलॅम्पशिवाय वाचता आलं असतं. साडेअकराला लीडर म्हणाला, "आज नशीब नाही, हवा खराब आहे," आणि सगळे झोपायला गेले. हवा खराब नव्हती. चंद्र होता, आणि तो जाणार होता.

मी सव्वादोनचा गजर लावला. मामांना आधी सांगून ठेवलं होतं, तेही उठून बरोबर आले. चंद्र कोकणात उतरत होता, तांबूस, मोठा. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे मावळत्या चंद्राचा उजेड सरळ कातळावर पडला होता. एरवी रात्री काळा ठिक्कर दिसणारा तो कडा वरपासून खालपर्यंत थरन्‌थर दिसत होता. कड्याच्या उत्तर टोकाला जाऊन कॅमेरा दक्षिणेकडे लावला, म्हणजे कड्याची कमान डावीकडून पुढे वळत जाते. पहिली फ्रेम कातळासाठी घेतली, कमी आयएसओवर (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता), दीड मिनिटाची. मग ट्रायपॉडला हात न लावता बसून राहिले. थोड्या वेळाने चंद्र बुडाला, डोळे सरावले, आणि दक्षिणेला आकाशगंगेचा जाड पट्टा उघडला. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त हातातली बॅटरी विझवली.

पावणेतीन ते साडेचार, एवढाच वेळ हातात होता. पावणेपाचला पूर्वेकडून उजेडाची चाहूल लागली. त्या पावणेदोन तासांसाठी मी ती वाट पुन्हा चढेन, पण पाचनईने.

आता जाहिरातीतल्या फोटोबद्दल. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग धनू राशीच्या बाजूला आहे आणि आपल्याकडून तो कायम दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून चाळीस अंशांवर असतो. तो मावळतो नैर्ऋत्येला. सरळ पश्चिमेला, कड्याच्या मध्यावर, तो कधीच उभा राहत नाही. म्हणजे तो फोटो एका दिशेचा कडा आणि दुसऱ्या दिशेचं आकाश जोडून केलेला होता. मीही त्या रात्री कातळाची आणि आकाशाची फ्रेम जोडली, पण जागा तीच, दिशा तीच, रात्र तीच, आणि फोटोखाली तसं लिहिलं. जोडकाम करणं वाईट नाही, ते लपवून त्यावर फी घेणं वाईट आहे. नाव नोंदवण्याआधी आयोजकाला एकच विचारा: हा फोटो कुठल्या तारखेचा, किती वाजताचा? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका.

सेटिंग्ज सगळे विचारतात म्हणून लिहिते. १४ एमएम लेन्स, कॅमेरा उभा, एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंद, फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं यासाठी ५०० ला लेन्सच्या एमएमने भागायचं हा जुना हिशोब ३५ सेकंद सांगतो, पण आजच्या कॅमेऱ्यांवर तेवढ्यात तारे लांबट होतात. क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, असेल तर आणखी कमी. फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर ठेवून चालत नाही. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत हाताने फिरवा आणि मग रिंगला चिकटपट्टी लावा. पश्चिमेकडे मुंबई-कल्याणचा पिवळा उजेड बराच वर येतो, तो फ्रेमबाहेर ठेवा. कोकणातून वर येणारा वारा कड्याच्या काठाशी जोरात असतो, ट्रायपॉडचे पाय बुटके ठेवा आणि काठापासून दोन मीटर मागे. तिथली माती भुसभुशीत आहे. ड्रोन नेऊ नका: हे अभयारण्य आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि इंद्रवज्रासाठी म्हणून कोणी संध्याकाळची बॅच विकत असेल तर तेही खोटं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये ज्याचं वर्णन छापलं ते गोल इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीमागे आणि ढग समोर कड्याखाली लागतात. कडा पश्चिमेला, म्हणजे वेळ सकाळची.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. परतल्यावर तीन आठवड्यांनी पुढच्या बॅचच्या जाहिरातीवर माझा फोटो होता. नाव नाही, विचारणं नाही. मी "शेअर करा" म्हणून ग्रुपवर टाकलेली छोटी फाइल त्यांनी उचलली होती. फोन केला तर उत्तर आलं, "वर्कशॉपमध्ये काढलेले फोटो आमचेच." हे साफ चूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो ज्याने काढला तो त्याचा पहिला मालक. नोकरीत किंवा कोणी मोबदला देऊन काढवून घेतला असेल तर गोष्ट वेगळी, पण इथे तर पैसे मी दिले होते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मी एवढंच ईमेलमध्ये लिहिलं, सोबत मूळ रॉ फाइलचा स्क्रीनशॉट आणि वेळ जोडली. दुसऱ्या दिवशी जाहिरात उतरली. दिलगिरी आली नाही. तुम्ही जाल तेव्हा नोंदणी फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, फोटो वापरण्याचं कलम असेल तर खोडून सही करा, आणि ग्रुपवर फक्त नाव छापलेली लहान फाइल टाका. रॉ कुणालाही देऊ नका.

यंदा ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाते आहे, वर्कशॉपशिवाय. पाऊस गेल्यावर हवा धुतलेली असते आणि अंधार पडल्या पडल्या, साडेसात-आठला, आकाशगंगा नैर्ऋत्येला कोकणावर कलंडलेली मिळते, जागरण नको. अश्विन अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, त्या रात्री घर सोडवत नाही, म्हणून आधीचे तीन-चार दिवस धरले आहेत. मामांना पाचनईला फोन केला आहे. दोन तंबू, चार माणसांचं जेवण, सॅकला चारशे. ते म्हणाले, "तिनशे पुरे, ताई." चारशेच ठरले.